सदतिसावी ओळ

लातूरला मी ज्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, तिथं दर रविवारी सकाळी टेस्ट होते आणि संध्याकाळी पाचला दारावर रँकची यादी लागते. तलाठी, पोलीस, बँक, जी भरती निघेल तिच्यामागं लागलेली पोरं-पोरी आमच्याकडं येतात. यादीतले पहिले पन्नास पहिल्या हॉलमध्ये बसतात. तिथं शिकवणारं माणूस समोर असतं, हात वर केला की थांबतं. एक्कावन्नपासून पुढचे सगळे दुसऱ्या हॉलमध्ये भिंतीवरच्या स्क्रीनवर तेच लेक्चर बघतात. स्क्रीन कुणासाठी थांबत नाही. यादीचा फोटो त्याच संध्याकाळी प्रत्येकाच्या घरच्या मोबाईलवर जातो. आपलं लेकरू कोणत्या हॉलमध्ये बसतंय हे दिवे लागायच्या आत गावाकडं कळलेलं असतं.

ही पद्धत मला कधीच पटली नाही, पण मी तिच्याविरुद्ध आठ वर्षं तोंड उघडलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी लई तोंड चालवलंय, तेव्हा वाचणाऱ्यानं मला फार शूर समजू नये.

गेल्या उन्हाळ्यातला रविवार. यादी लागून अर्धा तासही झाला नसेल, उमरीची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. वर्षभर पहिल्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत खिडकीकडं बसणारी. कधी जास्त बोलायची नाही, पण वही बघावी तिची. आज तिचा नंबर एक्कावन्न होता.

"मॅडम, येऊ का?"

"ये की."

"रागावणार न्हाई ना?"

"आधी सांग, मग ठरवते."

तिनं टेस्टचा पेपर टेबलावर ठेवला आणि बेचाळिसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं. गाळलेली जागा भरायची होती. एका बाईचं डॉक्टरशी लग्न झालंय, तर 'मॅरीड' या शब्दापुढं कोणतं प्रिपोझिशन? पर्याय चार: विथ, टू, बाय, फ्रॉम. तिनं 'टू'वर गोल केला होता. आन्सर-कीमध्ये 'विथ' होतं.

"मी चुकले का, मॅडम?"

"नाही. तुझं बरोबर आहे. की चुकलीय."

तिला वाटलं मी समजूत काढतेय. ती तशीच उभी राहिली. मग मीच विचारलं, "तू 'टू' कसं काढलंस? पाठ होतं?"

"पाठ न्हाई. आपल्याकडं लेक देतात ना मॅडम? कुणी उमरीला दिली, कुणी मुदखेडला दिली. दिली म्हणलं की 'ला' आलंच. अन् 'ला' म्हंजे टू."

मी हसले. ही रीत दर वेळी चालणार नाही, हे तिला सांगायलाही हवं होतं. पण इंग्रजी घेऊन बी.ए. करताना तीन वर्षांत एकाही माणसानं मला एकाही प्रिपोझिशनचं कारण सांगितलं नव्हतं, आणि या मुलीनं आपल्या अंगणातून कारण काढून आणलं होतं. चुकीचं का असेना, कारण होतं. आणि उत्तर तर बरोबरच होतं.

"मग रडवेली का झालीस? एका मार्कानं काय होतंय? पुढच्या रविवारी परत येशील पहिल्या हॉलमध्ये."

"पुढचा रविवार न्हाई मॅडम. दादाचा फोन येऊन गेला. बॅग भरून ठेव म्हणला, उद्या सकाळच्या गाडीनं येतो."

तिच्या दादाचं उमरीच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. लातूरला पाठवतानाच त्यानं तिच्याशी बोली केली होती. पहिल्या हॉलमध्ये असशील तोवर लातूर. स्क्रीनच बघायची असली तर मोबाईल घरीबी हाय, दुकानात बस आणि गिऱ्हाईक करत करत बघ.

"दादाचं बी चुकत न्हाई," ती म्हणाली. "दुकानात एकटा पडलाय तो."

मला तिचा हा समजूतदारपणाच सहन झाला नाही. बरोबर उत्तर लिहिलेली मुलगी चूक करणाऱ्यांची बाजू मांडून राहिली होती! मी पेपर उचलला आणि संचालक सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, बेचाळिसाव्या प्रश्नाची की चुकलीय."

सरांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. "मॅडम, की लागलीय."

"लागली म्हणून बरोबर होत नाही."

"मंगळवारी मीटिंग आहे. तेव्हा बघू."

"मंगळवारी ती मुलगी उमरीला झेरॉक्स काढत असेल."

आता त्यांनी मान वर केली. माणूस वाईट नाही. पोरांना शिस्त लावतो, स्वतः पहाटे येऊन हॉल उघडतो. पण पालकांच्या फोनला इतका भितो की बोलायची सोय नाही. थोडा विचार करून म्हणाले, "असं करू. प्रिंटिंग मिस्टेक म्हणून टाकू आणि सगळ्यांना सरसकट एक मार्क देऊ. झालं समाधान?"

"सगळ्यांना एक-एक दिला तर ती एक्कावन्नावीच राहते, सर."

"राहू द्या ना. पण मग कुणी ओरडणार नाही."

कुणी ओरडणार नाही! न्याय म्हणजे काय, तर कुणी ओरडू नये. सगळ्यांना सारखं वाटायचं, म्हणजे जिचं होतं तिचं गेलं ते गेलंच.

"ही की केली कुणी?" मी विचारलं. "ज्यानं केली त्याला आधी आठवीच्या वर्गात नेऊन बसवा."

"क्वेश्चन बँकेतली आहे. टेस्ट सेक्शनला विचारा. आणि मॅडम, एका 'टू'साठी एवढा बीपी वाढवू नका."

एका 'टू'साठी. सरांना काय सांगू? त्या 'टू'नं मला एकदा भर इंटरव्ह्यूत उघडं पाडलं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मुखेडच्या आठवडी बाजारात दोर विकायचे. दावी, कासरे, बैलाच्या मुसक्या, शिंकी. घरी वळायचे आणि बाजारात पाल ठोकून बसायचे. आमच्या गल्लीत मी पहिली कॉलेजात गेलेली, म्हणून शाळेपासून सगळ्यांचे कागद माझ्याकडं यायचे. कुणाची नोटीस, कुणाच्या औषधाचं खोकं, कुणाचा बँकेचा फॉर्म. अण्णा लोकांना सांगायचे, "आमच्या बाईला दाखवा. बाई वाचती." त्यांना स्वतःला सहीपुरतं येत होतं. पण हे सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की माझीही व्हायची, आणि ती आजही तशीच आहे. त्याची मला लाज नाही.

अण्णांची एक सवय बाजारात माहीत होती. त्यांनी विकलेला दोर तुटला म्हणून कुणी परत आणला, तर ते बदलून द्यायचेच. पण तुटलेला तुकडा टाकून द्यायचे नाहीत. पालाच्या पुढच्या खांबाला टांगायचे आणि बाजार उठेपर्यंत तिथंच ठेवायचे. गिऱ्हाईकानं विचारलं, "हे काय हो?" की सांगायचे, "माझ्या हातचा पीळ ढिला पडला. बघून घ्या." आई चिडायची. "अवो, आपल्याच दुकानावर आपलीच बदनामी कोण टांगतं?" अण्णा म्हणायचे, "मी न्हाई टांगली तर तो मानूस बाजारभर टांगंल." आईला हे उत्तर कधी पटलं नाही. मलाही त्या वयात लाजच वाटायची.

बी.ए.ला मी नांदेडला आले. इंग्रजीचा तास म्हणजे डिक्टेशन. आमचे सर वर्गात यायचे, पिवळी पडलेली वही उघडायचे आणि सांगायचे, "लिहा." आम्ही लिहायचो. पहिल्या वर्षी त्यांनी शंभर ओळींची एक यादी दिली. कोणत्या शब्दापुढं कोणतं प्रिपोझिशन. एक, अफ्रेड – ऑफ. दोन, गुड – अ‍ॅट. तीन, डिपेंड – ऑन. शंभरपर्यंत. एकदा मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, वाघाला भितो तर 'टू' का नाही? वाघापासून म्हटलं तर 'फ्रॉम' का नाही? 'ऑफ' कुठून आलं?" पुढच्या बाकावर शहरातल्या इंग्लिश मीडियमच्या मुली बसायच्या, त्या खुसूखुसू हसल्या. सर हसले नाहीत. वही मिटून म्हणाले, "भाषेला का नसतं. पाठ करायचं. तुझ्यासारख्यांनी तर जास्तच."

तुझ्यासारख्यांनी! पुढच्या बाकावरच्यांना घरून, टीव्हीवरून, मावशीच्या तोंडून मिळायचं ते मला एका यादीतून मिळणार होतं, आणि त्या यादीला प्रश्न विचारायचा हक्कही मला नव्हता. मी बसले. आणि पाठ केलं. निळ्या पुठ्ठ्याच्या दोनशेपानी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. नांदेड-मुखेड एसटीत खिडकीला डोकं टेकून पुटपुटायचे तेव्हा शेजारच्या बायांना वाटायचं, पोरगी जप करते. सुट्टीत अण्णांना ऐकवलं. ते दोर वळता वळता म्हणाले, "म्हंजे कोणत्या जनावराला कोणतं दावं, ते." मी म्हटलं, "हाव, तेच." ते म्हणाले, "मग जनावर बघावं लागंल की. नुसती यादी कशी पुरंल?" मी त्यांना गप्प केलं. अण्णा, तुम्हाला त्यातलं कळत नाही. कॉलेज आहे ते.

पास झाले, तेव्हा ती वही मी जपून ठेवली नाही. आमच्यात वही पुढं द्यायची असते. वरच्या वर्गातल्या मुदखेडच्या मुलीनं मला तिच्या वह्या दिल्या होत्या, मी माझ्या खालच्या वर्गातल्या मुलीला दिल्या. तिनं पुढं. आमच्या घरात पुस्तकांची कपाटं नव्हती. आमची वडिलोपार्जित इस्टेट म्हणाल तर असल्या वह्या.

मग लातूरला या क्लासमध्ये लागले. तीन वर्षांनी लग्न झालं, आणि त्यानंतर नांदेडच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत जागा निघाली. कायमची जागा. इंटरव्ह्यूला तिघं बसले होते. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. मी तयार होते. गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, आणि सांगितलं की माझं लग्न लॅब असिस्टंटशी झालंय. मी 'मॅरीड विथ' म्हणाले. मधे बसलेल्या बाईंनी शेजारच्याकडं बघितलं आणि मराठीतच म्हणाल्या, "लॅब असिस्टंट सोबत होते म्हणे लग्नाला." तिघंही हसले. मला हसण्याचं कारण कळलं नाही, हे त्यांना कळलं, म्हणून आणखी हसले. जागा मिळाली नाही. परत येताना नांदेडच्या स्टँडवर मी मोबाईलमध्ये डिक्शनरी उघडून तो शब्द बघितला. 'टू'.

त्या दिवसापासून मी एकाही यादीवर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघायचा, चार वाक्यांत वापरलेला बघायचा, मगच फळ्यावर लिहायचा. आठवड्याला एक इंग्रजी पुस्तक वाचायची सवय लावून घेतली. आज माझ्या तासाला चूक सापडत नाही, असं मी छाती ठोकून सांगते. आणि त्या तिघांचा राग? तो मी पाच वर्षं जपलाय.

म्हणून त्या रविवारी टेस्ट सेक्शनकडं मी तरातरा निघाले. एका मुलीला तिचं बरोबर उत्तर पाडत होतं आणि चुकीची की गादीवर बसली होती. जिन्यावरून चढता चढता मी वाक्यं जुळवली. काय लाज वाटत नाही का. पोरांच्या आयुष्याशी खेळता का. ज्याला येत नाही त्यानं की करायला बसूच नये.

टेस्ट सेक्शनमध्ये उदगीरच्या एक ताई बसतात. माझ्याच वयाच्या, मिश्कील. पेपर काढणं, तपासणं, यादी छापणं सगळं त्यांच्याकडं.

"ताई, इंग्रजीच्या क्वेश्चन बँकेची मूळ फाईल काढा. कुणी 'मॅरीड विथ' लिहिलंय ते बघायचंय मला."

ताई कॉम्प्युटरवरून हात काढून माझ्याकडं बघत बसल्या. "कशाला मॅडम? उद्या दुरुस्त करते मी. गपचूप."

"गपचूप नको. मला नाव पाहिजे."

"नका बघू."

"का? लपवायचं काय आहे त्यात?"

"काही न्हाई. घ्या मग. तुमच्या हातातच देते."

कपाटातून जाडी फाईल निघाली. कॉम्प्युटरमध्ये टाकायच्या आधी मास्तर लोक प्रश्न हातानं लिहून द्यायचे, ते कागद. ताईंनी पान काढून दिलं आणि स्वतः पाण्याची बाटली भरायला बाहेर गेल्या. तेवढी अदब त्यांनी दाखवली.

सुवाच्य अक्षर. ओळींना नंबर. एक, अफ्रेड – ऑफ. दोन, गुड – अ‍ॅट. सदतीस, मॅरीड – विथ. खाली ठसठशीत इंग्रजी सही, सहीखाली दोन रेघा. नवीन नवीन नोकरीत मी सहीखाली दोन रेघा मारायचे.

मी खुर्चीवर बसले. क्लासला लागल्यावर पहिल्याच महिन्यात सरांनी सांगितलं होतं, शंभर प्रश्न काढून द्या. मी एका दिवसात दिले होते. वही तर पुढं गेली होती, पण मला वहीची गरज कुठं होती? अख्खी यादी तोंडपाठ होती. नांदेडच्या सरांनी सांगितली तशी, त्याच क्रमानं, एक काना इकडचा तिकडं न करता मी उतरवून दिली. पुढं इंटरव्ह्यूत तोंडघशी पडले, 'टू' शिकले, फळ्यावरचं सगळं सुधारलं. पण आपण हे कुठं लिहून देऊन बसलोय, हे एकदाही आठवलं नाही. मुलं टेस्ट देत राहिली. क्लासच्या छापील पुस्तिकेत ती यादी गेली. किती जणांनी 'विथ' पाठ केलं असेल, किती जणींचं 'टू' कापलं गेलं असेल, ते आता मोजता येत नाही. ही एक उमरीची मुलगी दारात येऊन उभी राहिली म्हणून कळलं. बाकीच्यांनी मुकाट्यानं आपलं चुकलं असं मानून घेतलं असणार. कारण की म्हणजे की.

रागाला जागा बदलावी लागली. तो काही गेला नाही. नांदेडच्या त्या सरांवर मी त्या खुर्चीत बसून पुन्हा चिडले. त्यांनी एक ओळ चुकीची दिली म्हणून नव्हे. चूक कुणाची होत नाही? पण त्यांनी विचारू दिलं नाही. त्या दिवशी 'का'ला जागा दिली असती तर वर्गातल्या कुणी ना कुणी सदतिसाव्या ओळीला हात घातला असता. पुढच्या बाकावरच्या मुलींना तर खरं उत्तर माहीत असणार. त्यांनी यादी उतरवलीच नव्हती, आम्ही उतरवली. चूक आमच्यापर्यंतच आली आणि आमच्याच हातांनी पुढं गेली. आणि मी? मला विचारू दिलं नाही म्हणून कुढणारी मी, माझी की आठ वर्षं पोरांवर तशीच लादत होते.

पान घेऊन मी केबिनमध्ये गेले. सरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"म्हणजे तुमचीच आहे की! बघा. आता तर प्रिंटिंग मिस्टेकच म्हणू. तुमच्यासाठी म्हणतोय मी. पोरांना कळलं तर उद्या तुमच्या तासाला बसतील का?"

ते खरंच माझ्या भल्यासाठी बोलत होते. आणि खोटं का सांगू, मिनिटभर मला ते गोड लागलं. आठ वर्षांची पत. 'इंग्रजीच्या मॅडमला विचारा' म्हणून दुसऱ्या क्लासची पोरं येतात, ती पत. एक शब्द उच्चारायचा, प्रिंटिंग मिस्टेक, आणि सगळं झाकून जातं. प्रिंटरनं काय पाप केलंय, ते कुणी विचारत नाही.

"सर, प्रिंटिंगनं जसं दिलं तसं छापलं," मी म्हणाले. "चूक माझ्या हातची आहे. ज्यांनी 'टू' लिहिलं त्यांना मार्क द्या. यादी परत काढा."

"मग 'विथ' लिहिलेले खाली जातील. त्यांचे पालक?"

"त्यांनी आपल्याच पुस्तिकेतून पाठ केलंय. त्यांना खाली का ढकलायचं? त्यांचा मार्क राहू द्या."

"अहो मग पुन्हा सरसकटच झालं!"

"सरसकट नाही. 'बाय' आणि 'फ्रॉम'वाल्यांना काही नाही."

सर हसले. पण मग बोट टेबलावर आपटत म्हणाले, "खुर्च्या पन्नास आहेत मॅडम. पन्नासाच्या पुढं किती येतील?"

"जितके येतील तितक्या स्टाफरूममधून आणते. आम्ही उभं राहून चहा पिऊ."

ताईंनी नवी यादी काढली. पहिल्या हॉलमध्ये पन्नासाच्या वर चार जण झाले, म्हणून स्टाफरूममधल्या चार खुर्च्या तिकडं गेल्या. उमरीची मुलगी अठ्ठेचाळीसवर होती. यादीचा फोटो पुन्हा सगळ्यांच्या घरी पाठवा म्हटलं, तर सर म्हणाले, एका दिवसात दोन याद्या गेल्या तर क्लासची अब्रू जाते, दारावर लावा फक्त. त्यावर आमची लई हुज्जत झाली. ती मी हरले. फोटो गेला नाही. मग मी मुलीकडून दादाचा नंबर घेऊन फोन लावला. दोनदा लावला. उचलला नाही.

मुलगी म्हणाली, "अनोळखी नंबर उचलत न्हाई तो. अन् माझ्या फोनवरनं तुम्ही बोललात तरी ऐकणार न्हाई. म्हणंल, मॅडमला सांगून नंबर वाढवून घेतला."

म्हणजे नवी यादी एकटी पुरणार नव्हती. नवी यादी खरी आहे, हे दाखवणारं काहीतरी तिच्या शेजारी पाहिजे होतं. मी त्या जुन्या पानाची झेरॉक्स काढली. सदतिसाव्या ओळीला लाल पेनानं गोल केला, समोर 'टू' लिहिलं, आणि खाली मराठीत लिहिलं: ही चूक माझ्या हातची आहे, छापणाऱ्याची नाही. यामुळं ज्यांचा मार्क गेला त्यांचा परत केला आहे. खाली आजची सही, बिनरेघांची. आणि तो कागद यादीच्या शेजारी दारावर चिकटवला. ताई म्हणाल्या, "मॅडम, आपल्याच दारावर आपलीच बदनामी?" आईचे शब्द आईच्याच ठसक्यात! मी चिकटपट्टीचा आणखी एक तुकडा लावला.

सोमवारी सकाळी पहिल्या हॉलमध्ये, स्क्रीनवर दुसऱ्या हॉललाही दिसेल असं उभं राहून मी तेच तोंडानं सांगितलं. मग मागून एक जण म्हणाला, "मॅडम, 'टू' असू द्या नायतर 'विथ', आधी नोकरी लागू द्या. बिगर नोकरीचं पोरगी कोण देतंय?" सगळा हॉल हसला, मीही. दुसऱ्या हॉलमधला हशा भिंतीतून ऐकू आला. माझ्या तासाला बसणार नाहीत म्हणे!

तास संपून बाहेर आले तर दारापाशी एक माणूस उभा होता. तिशीचा, बोटांना शाई, पायाशी मुलीची भरलेली बॅग. बहीण भिंतीला टेकून. तो आमच्या दारावरचा कागद वाचत होता. पुन्हा वरून सुरू करून वाचत होता.

"हे अक्षर कुणाचं?" त्यानं मला विचारलं.

"माझं."

"वरचं बी?"

"वरचंही. आठ वर्षांपूर्वीचं."

त्यानं मला नीट बघून घेतलं. "असलं कोण लावतं का मॅडम दारावर?"

"तुमच्या बहिणीचं उत्तर बरोबर होतं. तुम्ही तिला नेताय ते माझ्या चुकीवरून नेताय. तिच्या चुकीवरून न्यायचं असेल तर तिची चूक दाखवा."

जरा जास्तच कडक बोलले असेन. पण गेला अख्खा दिवस माझ्या छातीत हेच वाक्य अडकलं होतं. तो पुन्हा कागदाकडं वळला. कागदाच्या कोपऱ्याला बोट लावून म्हणाला, "टोनर संपत आलाय तुमचा. सदतीस वाचायला येत न्हाई नीट." मग मोबाईल काढून त्यानं त्या कागदाचा फोटो घेतला. यादीचा नाही, कागदाचा. आणि बॅग उचलून बहिणीच्या हातात दिली.

"जा, रूमवर ठेवून ये. तास बुडवू नको." दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाला, "पुढच्या रविवारची यादी मी बघणारच हाय."

"बघा," मी म्हणाले. "आणि परत एक्कावन्न आली तर आधी आम्हाला पेपर मागा."

मंगळवारच्या मीटिंगनंतर सरांनी तो कागद काढून टाकला. मी दुसरी झेरॉक्स लावली. बुधवारी तीही गेली. मी तिसरी लावली. ती गुरुवारी दुपारपर्यंत टिकली, तेव्हा मी सरांना स्पष्टच सांगितलं की रोज एक लावेन, कागद माझा, सही माझी. ते म्हणाले, "रविवारपर्यंत मॅडम, त्याच्या पुढं एक दिवस नाही." मीही तेवढंच मागत होते.

शुक्रवारी सकाळी उमरीची मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी सपाट.

"दादानं एसटीनं पाठवलंय. म्हणला, कागद टिकत नसंल तर हे लावा म्हणाव."

आतून तोच कागद निघाला. मोठा केलेला, काळाभोर, आणि वरून लॅमिनेशन. सदतिसाव्या ओळीचा लाल गोलसुद्धा आला होता. रंगीत प्रिंट काढली होती त्यानं. मी आणि ती मिळून तो दारावर लावला. रविवारी संध्याकाळी पाचला त्याच्या शेजारी नवी यादी लागली. यादीआधी पोरं तोच कागद वाचत होती.